नानांचं सील

नाना माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. बँकेची बदली होऊन मी जळगावात आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने मागायला गेलो, तेव्हा पहिल्या भेटीत ते सगळा वेळ माझ्या हातांशीच बोलले. गाव कोणतं, लग्न झालंय का, रात्री किती वाजता घरी येता, हे सगळं हातांना विचारलं. मी ओशाळून हात पँटच्या खिशात घातले, तर म्हणाले, "हात बाहेर." मी निमूट बाहेर काढले. तेव्हाच उठून दुसरं घर शोधायला हवं होतं. पण तेवढ्यात काकूंनी चहा आणला, आणि चहा चांगला होता.

हातांची भानगड मला पुढे काकूंनीच सांगितली. नाना वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी दुकानदारांची वजनं तपासण्यात, तराजू उलटे करून बघण्यात आणि शिक्के मारण्यात गेली. सावद्याला एकदा केळी घेणाऱ्या एका व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा त्यांनी तीन वेळा तपासला, तिन्ही वेळा बरोबर निघाला. नाना परत निघाले होते. फाटकापाशी त्यांच्या मनात आलं, की शेतकऱ्याचा घड काट्यावर चढला की हा माणूस दर वेळी उजवा हात खिशात का घालतो? मागे फिरून खिसा उलटा केला, तर आत काट्याचा आकडा कमी करणारा छोटा रिमोट. त्या दिवशी साहेबांनी पाठ थोपटली, आणि माझ्या मते नानांचं नुकसान तिथेच झालं. जगात प्रत्येकाच्या खिशात रिमोट आहे, फक्त आपल्याला अजून सापडलेला नाही, असं त्यांना वाटायला लागलं.

ते दूध घ्यायचे ते स्वतःच्या मापाने. पेट्रोल पंपावर आकडा शून्यावर आलाय का हे आधी बघायचे, मग नळी धरणाऱ्या पोऱ्याचा अंगठा बघायचे, मग पुन्हा आकडा. भाजीवालीचा तराजू रिकामा असताना उचलायला लावायचे. बाजारातल्या बायका त्यांना लांबून ओळखत आणि तराजू आधीच उचलून धरत. मुलीने एकदा हौसेने घराला कॅमेरे बसवून द्यायचं ठरवलं, तर नानांनी कॅमेरेवाल्याला फाटकातूनच परत पाठवलं. म्हणाले, "हा बसवणार, आणि मग आपल्या घरात काय चाललंय ते हाच बघत बसणार." त्यावर काकू म्हणाल्या, "बघू दे की. कंटाळून स्वतःच बंद करेल."

हा संसर्गजन्य रोग आहे हे मला फार उशिरा कळलं. वर्षभरात मीही किराणाची पुडी हातात तोलून बघायला लागलो. रिक्षावाला जवळच्या रस्त्याने नेतोय तर का नेतोय, असं मनात यायला लागलं.

नानांच्या संशयाला दोन खुणा होत्या. एक म्हणजे भाषा. ते मूळचे शिंदखेड्याचे, पण नोकरीमुळे त्यांचं बोलणं कचेरीतलं, इस्त्री केलेलं. शंका आली की मात्र इस्त्री मोडायची आणि ते अहिराणीवर यायचे. "हे बिल बरोबर दिसत नाही," असं म्हणाले तर घाबरायचं कारण नसे. "आठे काहीतरी गडबड शे," असं म्हणाले की काकू हातातलं काम ठेवून बाहेर येत.

दुसरी खूण म्हणजे मी. नोकरीत असताना छापा घातला की दोन पंच लागत, ज्यांच्या समोर तपासणी व्हायची. ती सवय सुटेना. घरात नळ गळतोय की शेजाऱ्याने पाईपला हात लावला, हे ठरवायचं असलं तरी नानांना त्रयस्थ माणूस समोर लागायचा. भाडेकरूइतका त्रयस्थ कोण असणार? ते जिन्याखाली उभे राहून हाक मारत, "पंच, खाली या." मी चिडायचो, दाढीला साबण लावलेल्या तोंडानेही खाली यायचो, आणि ते दाखवतील ते बघून मान हलवायचो. मला माझ्या नावाने त्या घरात फक्त पोस्टमन हाक मारत असे.

अशा माणसाने जावयाची जुनी गाडी विकत घ्यावी, हेच मुळात आक्रीत होतं.

जावई योगेश, धुळ्याचा. कृषी पंपांचा धंदा, आणि वेड लांब लांब फिरण्याचं. त्याच्याकडे एक अवाढव्य मोटरसायकल होती. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागे तिसरी पेटी, पुढे वारा अडवणारी मोठी काच. ती घेऊन तो लडाखला जाऊन आला होता, आणि लग्नानंतर वैशालीला, म्हणजे नानांच्या एकुलत्या एक मुलीला मागे बसवून केरळपर्यंत. मग वैशालीला दिवस गेले, योगेशने चारचाकी घ्यायचं ठरवलं आणि ही विकायला काढली. नाना एका रविवारी म्हणाले, "मी घेतो." आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. ते म्हणाले, "जन्मभर सरकारी जीपमध्ये मागे बसून फिरलो. ड्रायव्हर नेईल तिकडे. एकदा स्वतःच्या हाताने जाऊन बघतो." हे बोलताना त्यांचा चेहरा इतका साधा झाला होता, की काकूंनीसुद्धा टोमणा मारला नाही.

गाडी आली त्याच दिवशी नाना तिला कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. अर्थात मला घेऊन. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा वजन थोडं कमी भरलं. नाना गाडीकडे बघत राहिले, मग काट्याकडे. "काटा मारस," असं त्यांनी शेवटी ठरवलं, आणि काटेवाल्याला पाच मिनिटं व्याख्यान दिलं. घरी आल्यावर ते पाने घेऊन बसले. विकणारा माणूस गाडी विकताना काही ना काही सैल ठेवतोच, हा त्यांचा सिद्धान्त. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या गाडीचा दिसेल तो नट आवळला. जिथे पाना फिरेना तिथे पाईप लावून फिरवला. आवळून झालं की प्रत्येक महत्त्वाच्या नटावर वितळलेल्या लाखेचा ठिपका, आणि ठिपक्यावर बोटातल्या अंगठीचा ठसा. पुन्हा कुणी हात लावला तर लाख तडकणार. तपासलेल्या वजनावर निरीक्षक शिक्का मारतो ना, तसंच.

"पंच, बघून घ्या. बठ्ठं घट्ट शे," नाना म्हणाले. सगळं घट्टच होतं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी हलायला लागली.

हलायला म्हणजे कशी, तर हायवेला लागली की सुतासारखी जायची. पण वेग कमी झाला, चौकात वळायचं असलं, पुढे केळीचा ट्रक हळूहळू चाललेला असला, की हँडल नानांचं ऐकेना. थोडं डावीकडे गेलं तर तिकडेच राहायचं. नाना उजवीकडे ओढायचे तर उजवीकडे जास्त जायचं. पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगात ती गाडी रस्त्यावर नागमोडी जायची आणि मागून बघणाऱ्याला वाटायचं, आजोबांनी सकाळी सकाळीच घेतली आहे.

मग सुरू झाली तपासणी, आणि ती नानांनी त्यांच्या पद्धतीने केली, म्हणजे प्रत्येकाला आरोपी धरून. पहिला आरोपी हवा भरणारा. हवा बरोबर निघाली तेव्हा नाना म्हणाले याचा मीटर खोटा आहे, आणि स्वतःचा मीटर आणला. मग टायर. पुढच्या टायरला जागोजाग उंचवटे पडलेत असं गॅरेजवाला म्हणाला. नानांनी नवा टायर घातला, तरी हलते ती हलतेच. मग गॅरेजवाला आरोपी झाला. मग सामानाच्या पेट्या. एक जड, एक हलकी असेल म्हणून दोन्ही काढून आमच्या ओट्यावर वजन केल्या. घरात तराजू होताच. दोन्ही सारख्या. नानांना ते आवडलं नाही. वजन सारखं भरलं की त्यांचा मूड जायचा.

गॅरेजवाला म्हणाला, "नाना, हँडलचं बेअरिंग बघू द्या. वरचा नट खोलावा लागंल." हँडल ज्या दांड्यावर फिरतं तिथे वर-खाली दोन बेअरिंगं असतात, आणि वरचा नट त्यांना धरून ठेवतो. नानांनी त्याचा हात धरला. "ते सैल नाही. मी बघितलंय." आणि त्यांनी खरंच बघितलं होतं. पुढचं चाक हातांत धरून पुढे-मागे हलवलं तर खडखड यायला हवी, ती येत नव्हती. नाना हे चार चार वेळा करून दाखवत. खडखड नाही, म्हणजे सैल नाही. सैल नाही, म्हणजे बरोबर. शिवाय त्या नटावर लाखेचा ठिपका होता, आणि ठिपका शाबूत होता.

मलाही ते पटलं होतं, हे सांगून टाकतो. सैल आहे का, हे मीही चाक हलवून बघितलं होतं.

एके दिवशी सकाळी गर्दीच्या चौकात, सिग्नलला थांबता थांबता, नाना गाडीसकट आडवे झाले. वेग जवळजवळ शून्य, त्यामुळे नानांना खरचटलं फक्त. पण साडेतीनशे किलोच्या आसपासचं ते धूड उचलायला रिक्षावाले, एक पोलीस आणि एक केळीवाला असे सगळे धावले. त्यांनी गाडी उभी केली, नानांना पाणी दिलं. नाना पाणी न पिता गाडीभोवती फिरून सगळे ठिपके तपासत होते. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, मेंदूला मार नाही ना लागला?" त्या दिवशी घरी आल्यावर नाना जेवले नाहीत. ते घाबरले होते, आणि घाबरलेला नाना माझ्या पाहण्यात तो पहिलाच.

घाबरलेल्या माणसाला कारण हवं असतं. चार दिवस विचार करून नानांनी ते शोधलं. गाडीचा सांगाडाच वाकलेला असणार. कधीतरी, लडाखला नाहीतर केरळात, योगेशने ती आपटली असणार, रंग मारून झाकलं असणार आणि सासऱ्याच्या गळ्यात मारली असणार. वरून ते योगेशला सरळ विचारायलाही तयार नाहीत. का, तर "तो खरं कसं सांगणार?"

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण त्याच महिन्यात शिंदखेड्याला भावकीत लग्न होतं. पंगतीत कुणीतरी सहज विचारलं, "नाना, नवी गाडी काय म्हणते?" आणि नानांनी भर पंगतीत, वाढपी थांबून ऐकतील एवढ्या आवाजात सांगितलं, "मना जवाईनी माले वाकेल गाडी दिधी." वाकलेली गाडी दिली, म्हणे. वैशाली दोन पानं सोडून बसली होती. योगेश तिच्या शेजारी. तो पानावरून उठला नाही, शेवटपर्यंत जेवला, हात धुतले, सगळ्यांच्या पाया पडला आणि बायकोला घेऊन धुळ्याला गेला.

त्यानंतर आठवडाभराने वैशालीचा काकूंना फोन आला. ती फार बोलली नाही. "ज्या घरात माझ्या नवऱ्याला लबाड म्हणतात, त्या घरात मी बाळंतपणाला येणार नाही," एवढंच.

पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय असतं? काकूंनी मागची खोली धुऊन चुना दिला होता, डिंक आणून ठेवला होता, एक वयस्क मालिशवाली सांगून ठेवली होती. ते सगळं तसंच राहिलं. काकू रोज त्या खोलीत जाऊन खिडकी उघडत आणि संध्याकाळी लावत. त्या नानांशी भांडल्यासुद्धा नाहीत. मला ते जास्त भीतीदायक वाटलं. एकदा फक्त म्हणाल्या, "तुमची गाडी हलते म्हणून माझी पोर येत नाही. त्या गाडीचं काय ते एकदाचं करा."

नानांच्या डोक्यात यावर उपाय तयार होता. धुळ्याला जायचं, योगेशच्याच अंगणात, योगेशच्या समोर गाडीचा सांगाडा दोरी लावून मोजायचा. वाकलेला निघाला की तो कबूल करेल. कबूल केलं की आपण मोठ्या मनाने माफ करू. माफ केलं की पोरगी येईल. यातली फट काकूंना दिसत होती, मला दिसत होती, पण नानांना सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. "तुम्ही जा सोबत," काकू मला म्हणाल्या. "नाहीतर हे तिथंही शिक्का मारून येतील."

म्हणून एका रविवारी मी त्या गाडीवर मागे बसलो. हायवेला काही नाही. पण एरंडोलला आणि पारोळ्याला गतिरोधक आले की नाना कण्हत आणि मी देवाचं नाव घेत असे. धुळ्यात योगेशच्या गल्लीत शिरताना गाडीने एका ओट्याला जवळजवळ मुका दिला. ओट्यावर बसलेल्या म्हातारीने पाय वर घेतले आणि आम्ही पुढे जाईपर्यंत खाली सोडले नाहीत.

योगेश बाहेर आला. "या नाना," म्हणाला. पाणी दिलं. नानांनी त्याच्या हातांकडे बघितलं. हात रिकामे होते. त्याची आई दारात उभी राहून अहिराणीत म्हणाली, "जेवन करी ल्या, मंग काय ते मोजा." नाना म्हणाले, "आधी काम."

मग अंगणात दोरी लागली. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, डाव्या बाजूने, मग उजव्या बाजूने. मी एक टोक धरलं. नाना गुडघ्यावर बसून पट्टीने अंतर मोजत. दोन्हीकडे सारखं आलं. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा सारखं. "दोरी ताणली गेली," म्हणाले. योगेश घरातून विणलेली नायलॉनची दोरी घेऊन आला. तिनेही तेच सांगितलं. सांगाडा सरळ होता. नानांच्या कपाळावर घाम आला होता, आणि मला त्यांची कीव येण्याऐवजी वेगळीच शंका यायला लागली. सांगाडा सरळ, टायर नवा, पेट्या सारख्या. मग हलतंय काय?

"चाक वर उचलून बघू," योगेश म्हणाला. गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, मागच्या पेटीवर तो स्वतः ओणवून बसला, तसं पुढचं चाक जमिनीवरून सुटलं. नाना चाक धरून पुढे-मागे हलवून दाखवू लागले, "बघ, खडखड नाही." तेवढ्यात वैशाली बाहेर आली. आठवा महिना, एक हात कमरेवर. बापाकडे न बघता ती सरळ गाडीपाशी गेली आणि बोटाने हँडल डावीकडे ढकललं. हँडल डावीकडे गेलं आणि तिथेच थांबलं. तिने उजवीकडे ढकललं. उजवीकडे जाऊन तिथेच थांबलं. मध्ये ठेवलं तर मध्ये थांबलं, भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखं.

"हे असं कसं थांबतं?" ती नवऱ्याला म्हणाली. "चाक वर असलं की हे आपोआप एका बाजूला पडायचं ना? तू पुढचा ब्रेक साफ करायचास तेव्हा मी किती वेळ धरून उभी राहायचे. सोडलं की धाडकन पडायचं."

योगेश मागच्या पेटीवर ओणवा बसल्या बसल्या म्हणाला, "पडायला पाहिजे."

आमच्या सगळ्यांच्या नजरा आपोआप त्या वरच्या नटाकडे गेल्या, आणि नटावर लाखेचा लाल ठिपका होता, शाबूत, अंगठीच्या ठशासकट. नाना आयुष्यभर सैल काय आहे ते शोधत आले. जास्त घट्ट झाल्यानेही एखादी गोष्ट बिघडते, हे त्यांनी कधी तपासलंच नव्हतं. आणि संशय यायचाच तर ज्या जागेवर त्यांचा स्वतःचा शिक्का होता, ती जागा सोडून.

"तू पाहिलं होतंस?" नानांनी विचारलं.

"गाडी दिल्यावर पहिल्यांदा जळगावला आलो तेव्हाच पाहिलं. लाख बघितली ना मी."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो, नाना. फोनवर. वरचा नट जरा सैल करून बघा म्हणालो. तुम्ही म्हणालात, सैल करून माले पाडनं शे का?" योगेश शांतपणे सांगत होता. "मग मी गप्प बसलो. हात लावला असता, लाख तडकली असती, तर तुम्ही म्हणाला असता, पुरावा मिटवला."

नाना म्हणाले असते. तिथे उभ्या असलेल्या कुणालाच त्याबद्दल शंका नव्हती.

नानांनी खिशातून चाकू काढला आणि लाख खरवडली. तुकडे खाली पडू दिले नाहीत, रुमालात गोळा केले. पाना लावून नट फिरवायला लागले तर फिरेना, स्वतःच पाईप लावून आवळलेला. योगेश उठला तर त्याला हाताने थांबवलं. शेवटी कट्ट असा आवाज झाला. थोडा सैल, अजून थोडा. वैशालीने बोट लावलं आणि हँडल आपल्या वजनाने डावीकडे पडलं. नाना गाडी घेऊन गल्लीत गेले. माणूस चालतो त्या वेगाने गेले, वळले, परत आले. गाडी रेघ मारल्यासारखी आली. ओट्यावरच्या म्हातारीने या वेळी पाय वर घेतले नाहीत.

गाडी उभी करून नाना म्हणाले, "हं."

"हं नाही, नाना," वैशाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "शिंदखेड्याला भर पंगतीत बोललात. तिथंच, तेवढ्याच लोकांसमोर परत बोला. तोवर मी येणार नाही. आईला सांगा, खिडकी उघडायला रोज त्या खोलीत जाऊ नको."

आम्ही जेवून निघालो. पारोळ्याला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी रुमाल सोडला, लाखेचे तुकडे टेबलावर मांडले आणि अंगठी काढून ठसा जुळवून बघायला लागले. कुणीतरी मधल्या काळात खोटा ठसा मारला असेल, ही शेवटची आशा. ठसा त्यांचाच होता. त्यांनी अंगठी पुन्हा बोटात घातली. मग कचेरीच्या मराठीत, अगदी हळू म्हणाले, "इतकी वर्षं शिक्के मारले मी. शिक्का मारला की पुन्हा त्या वजनाकडे बघितलं नाही. त्यातली किती वजनं..." मी अजून एक चहा मागवला. त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा रागही येत होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

शिंदखेड्याला पुढची गर्दी जमली ती एका पुतण्याच्या हळदीला. मंडपात आहेर चालू होते. माईकवाला कुणी काय दिलं ते ओरडून सांगत होता. नाना स्टेजवर चढले. माईकवाल्याला वाटलं, आहेर. तो ओरडला, "नानांच्या तर्फे..." नानांनी माईक काढून घेतला. "आहेर नंतर." आणि मग इस्त्रीचं मराठी सोडून बोलले, "मी मना जवाईले आठे लबाड म्हनेल व्हतू. बठ्ठासना समोर. गाडी वाकेल नव्हती. नट मीच कसेल व्हता. चूक मनी शे. जवाईनी नही." एवढं बोलून माईक परत दिला.

मंडपात कुजबुज झाली. एका म्हाताऱ्या बाईने शेजारणीला विचारलं, "कोनता नट?" नानांचा एक मेहुणा माझ्या कानात म्हणाला, "जवायानं दाब टाकला असेल. उगाच नाना असं बोलणार नाहीत." म्हणजे इतक्या वर्षांत सगळी भावकी नानांसारखीच झाली होती. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं, की हे जावयासाठी बोलले की पोरगी घरी यावी म्हणून? नाना खाली उतरले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते फार दमले होते. मी तो विचार तिथेच सोडला.

भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. धुळ्याहून काही उत्तर आलं नाही. काकूंनी मोबाइल समोर ठेवून डिंकाचे लाडू वळले, वळून डब्यात भरले, डबा फळीवर ठेवला. नाना ओट्यावर बसून राहिले. त्या दोन-तीन दिवसांत त्यांनी दूधवाल्याचं माप बघितलं नाही. दूधवाल्याने मला येऊन विचारलं, नाना आजारी आहेत का?

चौथ्या दिवशी दुपारी फाटकापाशी योगेशची चारचाकी थांबली. मी रजेवर होतो, गॅलरीतून बघितलं आणि खाली आलो. योगेश एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात बायकोचा हात धरून पायऱ्या चढत होता. काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. नाना ओट्यावरून उठले, पुढे आले, मागे झाले. वैशाली आत येऊन पंख्याखाली खुर्चीवर टेकली, पाय लांब केले आणि डोळे मिटूनच म्हणाली, "नाना, पाणी द्या ना."

काकू उठायला लागल्या. नानांनी हातानेच खूण केली, आणि ते स्वतः आत गेले. बराच वेळ आले नाहीत. योगेश म्हणाला, "मी बघू का?" काकू म्हणाल्या, "बसा जवाईबापू. आणतील."

नाना आले ते दोन्ही हातांत दोन पेले घेऊन, काठोकाठ भरलेले, डोळे लाल. पहिला पेला त्यांनी योगेशला दिला.